नकाराची सत्ता : हद्दपारीची सक्ती आणि विधिमंडळाचा अंकुश

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे एक लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यात १०४ भारतीय होते. बहुतेक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे, तिघे महाराष्ट्राचे. प्रवासभर त्यांतल्या अनेकांच्या हातांत बेड्या आणि पायांत साखळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत हा विषय निघाला. हद्दपारीच्या विमानात बेड्या घालण्याची तरतूद अमेरिकी यंत्रणेच्या २०१२ पासूनच्या कार्यपद्धतीतच आहे, असे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तेव्हा सांगितले. या उत्तराने आपल्याकडे संताप उसळला आणि तो रास्तही होता. पण त्या उत्तरातली एक गोष्ट संतापाच्या भरात निसटली. नियम तिकडचा होता. तो लिहिणारे खाते ज्या सभागृहांच्या पैशावर चालते, त्या सभागृहांखेरीज तो नियम बदलायला लावण्याची ताकद कोणत्याही लोकनियुक्त सभेकडे नाही.

ती ताकद नेमकी किती आहे, ती निवडणूक जिंकल्याने कशी हाती येते आणि कुठे हातातून निसटते, हे येथे तपासायचे आहे. परदेशांतल्या मराठी घरांत हा विषय आता रोजचा झाला आहे, पण त्याची चर्चा बहुधा अध्यक्ष कोण या एकाच प्रश्नापाशी थांबते. माझ्या मते तो प्रश्न अपुरा आहे.

आधी हद्दपारीच्या सक्तीचा ‘गैरवापर’ म्हणजे काय ते नक्की करू. परदेशी माणसाने देशात कसे यावे आणि किती काळ राहावे, याचे नियम करण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. तो अधिकार वापरला म्हणून कोणी दोषी ठरत नाही. अंमलदार स्वतःच कायद्याची चौकट ओलांडतो तेव्हा गैरवापर सुरू होतो. न्यायाधीशाच्या सहीशिवाय घरात शिरणे, नागरिकालाच परदेशी समजून डांबणे, तोंड झाकून आणि ओळख न सांगता माणूस रस्त्यावरून उचलणे, कोठडीतल्या आजाऱ्याला वेळेवर डॉक्टर न मिळू देणे, हे सारे या व्याख्येत येते. ‘इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट’ म्हणजे बोलण्यातले ‘आइस’ हे खाते २००३ मध्ये सुरू झाले. अंतिम हद्दपारीचा हुकूम असलेल्या माणसाच्या घरात केवळ खात्याच्या अंतर्गत वॉरंटवर जबरीने शिरता येईल, असे सांगणारे मे २०२५ चे टिपण जानेवारी २०२६ मध्ये उघड झाले. त्याच महिन्यात मिनियापोलिसमध्ये केंद्रीय अधिकाऱ्यांच्या गोळ्यांनी दोन अमेरिकी नागरिकांचा बळी घेतला. २०२५ या एका वर्षात आइसच्या कोठडीत किमान ३० माणसे मरण पावली. दोन दशकांत इतके मृत्यू झाले नव्हते. वर्षअखेरीस कोठडीतल्यांची संख्या ६५,००० च्या वर गेली होती.

यावर न्यायालये आहेतच, असे कोणी म्हणेल. आहेत, आणि अनेकांना त्यांनी वाचवलेही आहे. पण न्यायालय समोर आलेल्या माणसाला, घाव बसून गेल्यावर दिलासा देते. शिवाय जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू होणारे मनाईहुकूम काढण्याचा कनिष्ठ न्यायालयांचा अधिकार आखडला, आणि सप्टेंबरात लॉस एंजलिसमधल्या रस्त्यावरच्या धरपकडीला घातलेली बंधने स्थगित केली. घाव बसण्याआधी हात धरू शकेल अशी संस्था एकच उरते. ती म्हणजे विधिमंडळ.

आज्ञा आणि नकार

अमेरिकी काँग्रेसची दोन सभागृहे आहेत. ४३५ सदस्यांचे प्रतिनिधिगृह दर दोन वर्षांनी संपूर्ण नव्याने निवडले जाते. सिनेटच्या १०० सदस्यांपैकी प्रत्येकाची मुदत सहा वर्षांची असते. आइसला आवरणारा नवा कायदा करायचा तर प्रतिनिधिगृहात बहुमत हवे, सिनेटमध्ये चर्चा संपवायला बहुधा ६० मते हवीत, आणि वर अध्यक्षांची सही हवी. सही नाकारली गेली तर दोन्हीकडे दोन तृतीयांश. ज्याच्या यंत्रणेला लगाम घालायचा त्याचीच सही मागायची, ही अडचण या रचनेत मुळातच आहे. म्हणून ‘निवडून या आणि कायदा बदला’ हा सल्ला कानाला गोड लागला तरी फार लांब नेत नाही.

पण रचनेला दुसरी बाजू आहे. कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, असे राज्यघटनेचा पहिला अनुच्छेद सांगतो. मंजुरीला दोन्ही सभागृहांचा होकार लागतो. म्हणजे एकट्या प्रतिनिधिगृहातल्या साध्या बहुमताचा, २१८ मतांचा नकार निधी अडवायला पुरतो. आज्ञा द्यायला तिघांचे एकमत लागते, नकार द्यायला एक सभागृह पुरे होते. ‘निवडणूक जिंकणे’ या शब्दांचा व्यवहारातला अर्थ या फरकावरच ठरतो.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाचे कामकाज पाहणाऱ्या वाचकाला हे थोडे अनोळखी वाटेल. आपल्याकडे विनियोजन विधेयक विधानसभेत पडले तर सरकारच जाते. त्यामुळे सत्ताधारी ते पडू देत नाहीत आणि विरोधकांच्या कपात सूचना बहुधा इतिवृत्तात राहतात. अमेरिकेत निधी अडला तरी अध्यक्ष खुर्चीवरच असतो, फक्त त्याला सौद्याला बसावे लागते. नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण तिथल्या अर्थकारणाला जशीच्या तशी लागू पडते. निधीच्या विधेयकात ‘या पैशातून अमुक करता येणार नाही’ अशी एक ओळ घातली की अध्यक्षाला ती ओळ गिळून सही करावी लागते, कारण सही न केल्यास त्याचेच खाते बंद पडते.

एकेकाळी तिसरा मार्गही होता आणि तो बंद होण्याची कथा भारतीय वंशाच्या एका माणसाची आहे. जगदीश राय चड्ढा केनियात जन्मले, ब्रिटिश पासपोर्टवर अमेरिकेत शिकायला आले आणि व्हिसाची मुदत संपल्यावर हद्दपारीच्या कचाट्यात सापडले. १९७४ मध्ये इमिग्रेशन न्यायाधीशाने त्यांची हद्दपारी थांबवली. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे अशा लोकांची यादी काँग्रेसकडे जाई आणि कोणतेही एक सभागृह स्थगिती रद्द करू शके. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३४० जणांच्या यादीतून सहा नावे वेगळी काढली आणि चर्चा किंवा नोंदलेले मतदान न घेता त्यांची स्थगिती रद्द केली. चड्ढा त्या सहांत होते. ते लढले, आणि जून १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी हा एकगृही नकाराधिकार घटनाबाह्य ठरवला. चड्ढांना न्याय मिळाला. मात्र तेव्हापासून कार्यकारी यंत्रणेचा एखादा विशिष्ट निर्णय एका सभागृहाने रद्द करण्याची सोय उरली नाही. उरला तो पैसा, आणि पैशाला बांधलेली अट.

बहुमताने आणखी एक गोष्ट मिळते, ती समित्यांची. समन्स काढून अधिकाऱ्याला शपथेवर बोलावण्याचा आणि कागद मागवण्याचा अधिकार बहुमताच्या हाती असतो. अल्पमतातला सदस्य पत्र लिहू शकतो, कोठडीच्या दारात जाऊन उभा राहू शकतो, विधेयक मांडू शकतो. बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिणारे आणि मिशिगनमधून निवडून आलेले श्री ठाणेदार यांनी जानेवारी २०२६ मध्ये आइस बरखास्त करण्याचे विधेयक मांडले. त्यांचे मत पटो वा न पटो, त्या विधेयकाची वाट कुठे अडते हे पाहण्यासारखे आहे. सभागृहात काय चर्चेला येणार हे बहुमत ठरवते आणि त्याला वळसा घालायला २१८ सह्या लागतात. मतदारसंघात जिंकलेला माणूस सभागृहात अल्पमतात असेल, तर त्याचे विधेयक कागदावरच राहते.

२०१८ चे पीक

हे तत्त्व प्रत्यक्षात किती उतरते? २०१८ च्या उन्हाळ्यात सीमेवर हजारो मुलांना आईबापांपासून तोडले गेले. त्या नोव्हेंबरात डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृह जिंकले. सिनेट आणि अध्यक्षपद रिपब्लिकनांकडेच होते. म्हणजे हाती आली ती फक्त नकाराची सत्ता. पुढची दोन वर्षे या सत्तेची परीक्षाच ठरली.

या काळाची कथा सहसा पराभवाची म्हणून सांगितली जाते. अध्यक्ष ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर मागितले, सरकार ३५ दिवस अंशतः बंद राहिले आणि शेवटी १.३७५ अब्ज मिळाले. मग त्यांनी १५ फेब्रुवारी २०१९ रोजी आणीबाणी जाहीर करून दुसऱ्या खात्यांतला पैसा भिंतीकडे वळवला. दोन्ही सभागृहांनी ती आणीबाणी रद्द करणारा ठराव केला, त्यावर नकाराधिकार आला, आणि तो उलटवायच्या मतदानात प्रतिनिधिगृहात २४८ विरुद्ध १८१ मते पडली. दोन तृतीयांशाला ती पुरली नाहीत.

हे सारे खरे आहे. पण गैरवापराच्या दृष्टीने पाहणाऱ्याने भिंतीवरून नजर काढून त्याच निधी-कायद्यांतल्या बारीक अक्षरांकडे वळवावी. एकट्या आलेल्या मुलांना सरकारी निवाऱ्यातून घरी न्यायला मामा, मावशी, थोरला भाऊ येत. २०१८ च्या एका करारानुसार निवारे चालवणारे खाते या नातेवाइकांची माहिती आइसला देऊ लागले आणि मूल न्यायला आलेल्यालाच पकडले जाऊ लागले. अशा १७० जणांना अटक केल्याचे आइसने स्वतःच सांगितले. परिणामी भीतीने कोणी पुढे येईना आणि मुले निवाऱ्यातच अडकून पडू लागली. फेब्रुवारी २०१९ च्या निधी-कायद्यात या माहितीच्या आधारे नातेवाइकांवर कारवाई करण्याला मर्यादा घालणारे कलम आले. त्याच वर्षी आणखी एक कलम आले. काँग्रेसचा सदस्य पूर्वसूचना न देता स्थलांतरितांच्या कोठडीत पाहणीला आला तर त्याला अडवण्यासाठी निधी वापरता येणार नाही. वर्षाच्या शेवटी मंजूर झालेल्या कायद्याने कोठड्यांतल्या तक्रारी ऐकणारे लोकपालाचे स्वतंत्र कार्यालयही उभे केले.

भिंतीच्या भांडणात या तिन्ही तरतुदी कोणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. माझ्या मते २०१८ च्या विजयाचे खरे पीक हेच होते. मुलाला घरी न्यायला आलेल्या मावशीला पकडले जाणार नाही, ही गोष्ट भाषणाने झाली नाही. ज्याच्यावर अध्यक्षाला सही करणे भाग होते अशा विधेयकातल्या एका परिच्छेदाने ती झाली.

हौद आधीच भरला तर

नकाराची सत्ता एका गृहीतकावर उभी आहे. खाते दरवर्षी पैसा मागायला येईल, हे ते गृहीतक. ४ जुलै २०२५ रोजी ते ढासळले. ट्रम्प यांनी ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’ म्हणून गाजवलेल्या कायद्याने एकट्या आइसला सुमारे ७५ अब्ज डॉलर एकरकमी दिले. त्यांतले ४५ अब्ज कोठड्यांसाठी आहेत आणि ही रक्कम ३० सप्टेंबर २०२९ पर्यंत वापरता येते. त्याआधी आइसचा वार्षिक निधी १० अब्जांच्या आसपास होता. अर्थसंकल्पीय समायोजनाच्या विशेष प्रक्रियेने विधेयक आणल्यामुळे सिनेटमध्ये ६० मतांची गरज पडली नाही. तिथे ५० विरुद्ध ५० अशी बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष व्हान्स यांच्या मताने ते तरले. प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१४ मते पडली.

याचा परिणाम तीनच महिन्यांत दिसला. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस अमेरिकी सरकारचे कामकाज निधीअभावी अडले. अन्नसाहाय्य लांबले, विमानतळांवरचे कर्मचारी बिनपगारी राबले. शिकागोतली स्थलांतरितांची धरपकड मात्र चालूच राहिली. हौद भरलेला असताना नळ बंद करून उपयोग नसतो.

याहून सूक्ष्म घाव दुसऱ्या ठिकाणी बसला. कोठडीत पूर्वसूचनेशिवाय जाण्याच्या हक्काचे जे कलम वर सांगितले, ते वार्षिक निधीला बांधलेले आहे. २०२५ मध्ये आइस ज्याच्या अखत्यारीत येते त्या गृहसुरक्षा खात्याने सदस्यांनी सात दिवस आधी कळवावे असा दंडक घातला. सदस्य न्यायालयात गेले आणि डिसेंबरात वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने तो दंडक रोखला. जानेवारी २०२६ मध्ये खात्याने तोच दंडक पुन्हा काढला. या वेळी युक्तिवाद असा होता की पाहणीवरची ही बंधने नव्या एकरकमी निधीतून राबवली जातील, त्यामुळे वार्षिक निधीवरची अट लागू होत नाही. वाद पुन्हा न्यायालयात गेला. पण अट कोणत्या थैलीला बांधली आहे हे किती महत्त्वाचे, ते या एका डावपेचाने कायमचे स्पष्ट केले.

लोकपालाच्या कार्यालयाचे काय झाले? मार्च २०२५ मध्ये ते आणि गृहसुरक्षा खात्याचे नागरी हक्क कार्यालय यांतले जवळजवळ सगळे कर्मचारी काढून टाकण्यात आले. कायद्याच्या पुस्तकात कार्यालय होते, पण फोन उचलायला माणूस नव्हता.

म्हणून नोव्हेंबर २०२६ मध्ये प्रतिनिधिगृह कोणी जिंकले, तरी जानेवारी २०२७ मध्ये त्याच्या हाती २०१९ इतकी ताकद येणार नाही. दिलेला पैसा परत घ्यायला कायदा लागतो आणि कायद्याला पुन्हा तीच सही लागते. समित्या मिळतील, समन्स मिळतील, शपथेवरच्या साक्षी होतील, आणि त्यांची किंमत कमी नाही. वार्षिक निधीवर अटी लादता येतील आणि त्या ‘कोणत्याही कायद्याने दिलेल्या निधीला’ लागू होतील अशा शब्दांत लिहून घेता येतील. पण ७५ अब्जांचा निर्णय सिनेटमध्ये एका मताच्या फरकाने झाला आणि तो फरक ठरला २०२४ च्या निवडणुकीत. त्या वर्षी सिनेटची जी जागा हातची गेली, तिचा हिशेब २०२९ पर्यंत चालणार आहे.

मेक्लेनबर्गची जागा

वॉशिंग्टनकडे पाहताना दुसरे रणांगण दृष्टीआड होते, ते राज्यांच्या विधिमंडळांचे. माझ्या मते तिथला एकेक आमदार या बाबतीत काँग्रेसच्या सदस्याहून अधिक वजनदार ठरू शकतो. नॉर्थ कॅरोलायनात हे जितके लख्ख दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल.

त्या राज्यात १०० काउंट्या आहेत आणि प्रत्येकीत तुरुंग सांभाळणारा शेरीफ थेट निवडून येतो. शार्लट शहर ज्या मेक्लेनबर्ग काउंटीत आहे, तिथल्या शेरीफने २००६ पासून केंद्राशी करार केला होता. त्यानुसार तुरुंगात आलेल्या माणसाची इमिग्रेशन चौकशी शेरीफचेच कर्मचारी करत. वाहन परवान्याच्या किरकोळ गुन्ह्यात पकडलेला माणूसही अशा रीतीने हद्दपारीच्या रांगेत जाऊ शकत असे. २०१८ च्या निवडणुकीत हा करारच मुख्य मुद्दा झाला. करार मोडण्याचे वचन देणारे गॅरी मॅकफॅडन जिंकले आणि डिसेंबरात पदावर येताच त्यांनी तो मोडला. राजधानी रॅली ज्या वेक काउंटीत आहे तिथेही तेच झाले. वेकमधली केरी आणि मॉरिसव्हिल ही गावे भारतीय वस्तीसाठी ओळखली जातात, मराठी घरेही तिथे बरीच आहेत.

स्थानिक मतदारांनी आपले म्हणणे मांडले होते. पण राज्याच्या विधिमंडळात बहुमत रिपब्लिकनांचे होते. त्यांनी २०१९ मध्ये विधेयक आणले, ज्याने आइसने मागितलेल्या माणसाला धरून ठेवणे शेरीफवर बंधनकारक होणार होते. अशी मागणी करणारा कागद न्यायाधीशाच्या सहीचा नसतो, तो खात्याची विनंती असतो. डेमोक्रॅटिक गव्हर्नर रॉय कूपर यांनी नकाराधिकार वापरला. २०२२ मध्ये विधेयक पुन्हा आले आणि पुन्हा नाकारले गेले. दोन्ही वेळा नकार टिकला, कारण तो उलटवायला तीन पंचमांश मते लागतात, म्हणजे १२० जणांच्या सभागृहात ७२ आणि ५० जणांच्या सिनेटमध्ये ३०. २०१८ च्याच निवडणुकीत डेमोक्रॅटांनी रिपब्लिकनांचे हे विशेष बहुमत मोडले होते. त्यांना सत्ता मिळाली नव्हती, मिळाले होते ते फक्त पुरेसे मोठे अल्पमत. शेरीफचे वचन चार वर्षे त्या अल्पमताच्या आधारावर उभे होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये रिपब्लिकनांनी सिनेटमध्ये ३० चा आकडा गाठला. खालच्या सभागृहात एक जागा कमी पडली. एप्रिल २०२३ मध्ये ट्रिशिया कॉथम या आमदारांनी डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन पक्षात प्रवेश केला आणि ती एक जागा भरून निघाली. त्या निवडून आल्या होत्या मेक्लेनबर्गमधून. पुढच्या वर्षी तेच विधेयक तिसऱ्यांदा आले, या वेळी खासगी शाळांच्या शिष्यवृत्त्यांच्या निधीशी बांधून. कूपर यांनी ते नाकारले. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत मतदारांनी खालच्या सभागृहातले विशेष बहुमत पुन्हा मोडले आणि रिपब्लिकन ७१ वर आले. पण नवे सभागृह जानेवारीत बसायचे होते. निवडणूक होऊन गेल्यावर, जुने सभागृह अजून बसलेले असतानाच, त्याच नोव्हेंबरात गव्हर्नरचा नकार उलटवण्यात आला आणि विधेयक कायदा झाले.

पुढचे पाऊल २०२५ चे. आइसला सहकार्य ज्या गुन्ह्यांत करायचे त्यांची यादी वाढवणारे दुसरे विधेयक आले, नवे गव्हर्नर जॉश स्टाइन यांनी ते नाकारले. आता ७१ होते, ७२ हवे होते. २९ जुलै रोजी मतदान झाले. निकाल लागला ७२ विरुद्ध ४८. बहात्तरावे मत कार्ला कनिंगहॅम या डेमोक्रॅटिक आमदारांचे होते, आणि त्यांचा मतदारसंघही मेक्लेनबर्गमध्येच होता.

ज्या काउंटीने २०१८ मध्ये शेरीफ बदलून करार मोडला, त्याच काउंटीतून निवडून गेलेल्या दोन आमदारांच्या निर्णयांनी तो विजय हातातून नेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राचे सीमा सुरक्षा दल शार्लटच्या रस्त्यांवर उतरले तेव्हा दुकाने बंद झाली आणि शाळांतली हजेरी घसरली. त्याआधीच राज्याच्या तुरुंगांची दारे कायद्याने उघडलेली होती. शेरीफची निवडणूक लोकांना दिसली, आमदाराची दिसली नाही. मतपत्रिकेवर ती नावे खाली असतात.

एक गोष्ट इथे निक्षून सांगायला हवी. २०२४ मध्ये स्टाइन सुमारे ५५ टक्के मते घेऊन गव्हर्नर झाले आणि त्याच दिवशी त्यांच्या पक्षाला १२० पैकी ४९ जागा मिळाल्या. मतदारसंघांच्या आखणीशिवाय या तफावतीचा उलगडा होत नाही. पक्षीय फायद्यासाठी केलेली आखणी केंद्रीय न्यायालये तपासणार नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निर्णय याच राज्याच्या खटल्यातून आला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी आखणी आधी अवैध ठरवली होती. २०२२ मध्ये तिथले न्यायाधीश निवडणुकीने बदलले आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने स्वतःचाच निकाल फिरवला. विधिमंडळ जिंकायचे तर त्याआधी न्यायाधीशांच्या निवडणुकीत लक्ष घालावे लागते, हे तिथल्या कार्यकर्त्यांना महागात पडून कळले.

आपला हात काढून घेणे

राज्याची सत्ता कुठवर पोहोचते याची सीमाही पाहिली पाहिजे. त्यासाठी कॅलिफोर्निया. १९९४ मध्ये तिथल्या मतदारांनी सुमारे ५९ टक्के मतांनी प्रस्ताव १८७ मंजूर केला. त्याने कागदपत्रे नसलेल्या मुलांना सरकारी शाळेचे दारही बंद होणार होते. न्यायालयाने तो अडवला. पण त्या धक्क्याने लाखो लॅटिनो रहिवासी नागरिकत्वाच्या अर्जांकडे आणि तिथून मतदार यादीकडे वळले. तेच राज्य २०१७ मध्ये राज्याच्या पोलिसांनी इमिग्रेशनच्या कामात हातभार लावण्यावर कडक मर्यादा घालणारा कायदा करते झाले. मधे २३ वर्षे गेली.

ट्रम्प सरकारने तो कायदा न्यायालयात खेचला. नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये तो टिकवला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. कारण साधे आहे. केंद्राला राज्याचे नोकर वेठीला धरता येत नाहीत, हे तत्त्व १९९७ पासून पक्के आहे. पण कॅलिफोर्नियाने खासगी कोठड्यांवर बंदी घातली तेव्हा त्याच अपील न्यायालयाने २०२२ मध्ये ती केंद्राच्या कोठड्यांपुरती अडवली. राज्य आपला हात काढून घेऊ शकते, केंद्राचा हात धरू शकत नाही. २०२५ च्या जूनमध्ये लॉस एंजलिसमध्ये धाडी पडल्या तेव्हा राज्याचा कायदा पूर्ण जागेवर होता.

तरीही या मर्यादित सत्तेला मी मोठी मानतो. तुरुंगातून माणूस हवाली होणे आणि रस्त्यावर शोधून काढावा लागणे, यांत खात्याच्या मनुष्यबळाच्या दृष्टीने प्रचंड अंतर आहे. स्थानिक पोलिसांची मदत नसली की प्रत्येक अटकेला अधिक माणसे आणि अधिक वेळ लागतो.

जागा आणि मत

निवडणूक दुधारी आहे, हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. प्रस्ताव १८७ लोकांनीच मंजूर केला, ७५ अब्ज लोकप्रतिनिधींनीच दिले, चड्ढांचे नाव यादीतून सभागृहानेच काढले. पक्ष बदलला की धोरण बदलते असेही नाही. दुसऱ्या कारकिर्दीत ट्रम्प यांनी सही केलेला पहिला कायदा, चोरीसारख्या गुन्ह्याचा नुसता आरोप असलेल्या बिनकागदी माणसालाही डांबणे सक्तीचे करतो. दोषसिद्धीची गरज नाही. प्रतिनिधिगृहात त्याला २६३ मते पडली आणि त्यांत ४६ डेमोक्रॅट होते. बहात्तरावे मत कोणाचे होते ते वर आलेच आहे. जागा जिंकणे आणि मत मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधले अंतर पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत आणि नंतरच्या सततच्या पाठपुराव्यात कापावे लागते.

पण या आक्षेपातून निवडणूक सोडून द्यावी असा निष्कर्ष निघत नाही. उलट कोणत्या सभागृहात, कोणत्या प्रकारचा आकडा, कोणत्या तारखेच्या आत हवा, हे आधी नक्की करूनच मैदानात उतरावे लागते. काँग्रेसमध्ये तो आकडा पैसा देण्याआधी हवा. नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यात गव्हर्नर अनुकूल असेल तर बहुमताचीही गरज नसते, दोन पंचमांशाहून एक मत जास्त असले तरी पुरते. बैल गेला आणि झोपा केला, अशी वेळ जुलै २०२५ मध्ये आली. ती पुन्हा येऊ नये.

अमेरिकेत नागरिक झालेल्या मराठी वाचकाला एक विनंती. घरात एखादा भाचा विद्यार्थी व्हिसावर असेल, एखादी बहीण ग्रीन कार्डच्या रांगेत असेल. त्यांना मत नाही, तुम्हाला आहे. मतपत्रिकेच्या वरच्या एका ओळीवर थांबू नका. आपला राज्य विधिमंडळाचा मतदारसंघ क्रमांक शोधा, तिथला आमदार शेरीफ आणि आइस यांच्या प्रश्नावर कसा मत देतो ते पाहा, प्राथमिक निवडणुकीलाही जा. नॉर्थ कॅरोलायनाच्या खालच्या सभागृहाच्या १२० आणि सिनेटच्या ५० जागांसाठी ३ नोव्हेंबर २०२६ रोजी मतदान आहे.